‘कुठपर्यंत आलास?’ असं फोनला दिवसभर कोण विचारतंय?

दुकानात आठवड्यातून दोघं-तिघं तरी हीच तक्रार घेऊन येतात. सकाळी १०० टक्के करून घराबाहेर पडावं आणि दुपारी डबा उघडेपर्यंत फोन लाल. ‘बॅटरी गेली वाटतं, बदलून टाका.’ भोरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बॅटरी बदलली की मला दोन पैसे सुटतात, तेव्हा मुकाट्याने बदलून द्यावी हेच धंद्याला बरं. पण नवी बॅटरीही तशीच उतरायला लागली की तोच माणूस पंधरा दिवसांनी परत येतो, आणि या खेपेला आवाज चढलेला असतो. म्हणून हल्ली स्क्रू खोलायच्या आधी मी सेटिंग खोलतो.

खरोखर थकलेल्या बॅटऱ्या त्यात असतातच. पण बऱ्याच फोनांत बॅटरी ठणठणीत असते आणि लोकेशन तिला आतून पोखरत असतं. वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटण नुसतं चालू राहिल्याने फारसं काही जात नाही. जातं ते विचारणाऱ्यांमुळे. बाइकवर निघालेल्या पोराला आई दर पाच मिनिटांनी ‘कुठपर्यंत आलास?’ म्हणून फोन करू लागली तर रस्ता काही लांबत नाही, पण दर वेळी गाडी बाजूला घ्या, हेल्मेट काढा, खिशात हात घाला. फोनचंही तेच होतं. खिशात निवांत झोपलेला असतो. एखादं ॲप विचारतं, प्रोसेसर जागा होतो, जीपीएसचा रिसीव्हर चालू होतो, मिळालेलं उत्तर नेटवरून रवाना होतं आणि मग परत झोप. डोळा लागतो न लागतो तोच पुढचा प्रश्न.

आधी दोन रात्री घालवा

सेटिंगची उलथापालथ करण्याआधी दोष लोकेशनचाच आहे का ते बघा. एका रात्री झोपताना फोन चार्जरवरून काढा, टक्के कागदावर लिहा, डेटा आणि वाय-फाय रोज असतात तसेच ठेवा, आणि उठल्यावर पुन्हा टक्के लिहा. दुसऱ्या रात्री सगळं तस्संच, फक्त लोकेशन बंद. फोन दोन्ही रात्री एकाच जागी हवा, कारण खिडकीत ठेवलेल्या फोनला रेंज वेगळी आणि कपाटातल्या फोनला वेगळी.

दोन्ही सकाळी घट सारखीच असेल आणि थोडी असेल, तर रात्रीपुरतं तरी लोकेशन निर्दोष आहे. सारखीच पण भरपूर असेल, तर संशय रेंजवर घ्या. आमच्याकडे भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याकाठच्या वाड्यांत रेंज एक काडी असते, तीही येऊन-जाऊन. फोन टॉवर शोधत राहतो, सापडला की जास्त ताकद लावून बोलतो, आणि मालकाला वाटतं लोकेशनने खाल्लं. अशा फोनचं लोकेशन कितीही बंद करा, काही फरक पडणार नाही. फरक दिसला तर मात्र पुढचं तुमच्यासाठी.

खतवाल्या मुलाची गोष्ट

दिवाळीनंतर बियाणं-खतांच्या कंपनीचा फिल्डवर फिरणारा एक मुलगा आला. फोन वर्षाचासुद्धा नव्हता. ‘दादा, दुपारी दोनला फोन मरतो. साहेब म्हणतात तुमचं लोकेशन दिसत नाही, पगार कापू.’ मी म्हटलं, बघू.

त्याच्या फोनमध्ये अँड्रॉइड १३ होतं. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ नावाचं एक फार कामाचं पान आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हसी’ लिहिलं की सापडतं. कंपनीगणिक ते वेगळ्या कप्प्यात असतं, म्हणून शोधूनच जावं. त्यात लोकेशनवर बोट ठेवलं की गेल्या २४ तासांत कोणत्या ॲपने किती वाजता ठिकाण घेतलं याची हजेरीच उघडते. पोराची यादी बोटाने सरकवत गेलो. कंपनीचं हजेरीचं ॲप होतंच, थोड्याथोड्या वेळाने. ते अपेक्षित. पण त्याच्या मधल्या वेळांत अगदी तशाच ठेक्यात आणखी एक नाव येत होतं.

‘हे कुठलं?’

‘ते जुन्या कंपनीचं. दसऱ्याला सोडली ती नोकरी.’

‘मग अजून त्यांना हजेरी का देताय?’

तो हसला आणि मग ओशाळला. पगाराच्या पावत्या त्यात आहेत म्हणून ॲप ठेवलं होतं, लॉगआउट केलं नव्हतं. दोन कंपन्या एकाच फोनला दिवसभर ठिकाण विचारत होत्या, त्यातली एक फुकट. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो, पण इथे दोनच महिने झाले होते, आणि हजेरीची ॲप चालू करून देताना ती सोयच बंद करायला लावतात. पावत्या उतरवून घेतल्या, ॲप काढून टाकलं. आठवड्याने तो स्क्रीनगार्ड लावायला आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि फोन ३८ टक्क्यांवर होता. बॅटरी जुनीच.

तुमच्या फोनला हे पान नसेल, तर सेटिंग्जमधल्या ‘लोकेशन’मध्ये अलीकडे ठिकाण घेतलेल्या ॲपची यादी असते. वेळापत्रक मिळालं नाही तरी नावं कळतात. सोबत ‘बॅटरी युसेज’ उघडून पाहा. तिथे ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ वरच्या नंबरावर दिसली तर घाबरून ती बंद करायला जाऊ नका. दुसऱ्या ॲपना ठिकाण काढून देण्याचं काम तीच करते. पाहुणे कोणाचेही असोत, स्वयंपाकघरात नाव वाढणाऱ्या बाईचं यायचं, तसं आहे. पाहुणे कमी करा, तिचा आकडा आपोआप उतरेल.

खरं काम इथे आहे: ‘ऑल द टाइम’

सेटिंग्ज, लोकेशन, मग ‘ॲप लोकेशन परमिशन्स’. तिथे ॲपची वाटणी झालेली असते. सगळ्यात वरचा कप्पा ‘अलाऊड ऑल द टाइम’चा, म्हणजे फोन खिशात असला तरी ठिकाण विचारायची मुभा. त्याखाली ‘ओन्ली व्हाइल इन यूज’, म्हणजे ॲप समोर उघडं असेल तेवढाच वेळ. ही दुसरी सोय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आली. त्याआधी एकदा हो म्हटलं की पडद्यामागेही हो. त्या काळापासूनची ॲप जुन्या फोनवरून नव्या फोनवर आणत आलेल्यांनी ही यादी आवर्जून बघावी.

वरच्या कप्प्यात जे कोणी असेल त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: फोन खिशात असताना मी कुठे आहे हे याला कळलं नाही तर माझं काय अडेल? हजेरीच्या ॲपचं अडेल, पगार आहे. घरच्यांनी मुद्दाम लावलेल्या पाळत-ॲपचं अडेल, म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये ते असू दे. हवामान, बातम्या, खरेदी, खाण्याच्या ऑर्डरी, कर्ज देणारी ॲप, टॉर्चचं ॲप (हो, टॉर्चचं, मी पाहिलंय) यांचं काहीही अडत नाही. त्यांना खाली उतरवा, नाहीतर सरळ ‘डोन्ट अलाऊ’.

ई-पीक पाहणीचं इथेच सांगून टाकतो, कारण हंगामात गावोगावचे फोन त्यासाठी येतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून शेतात उभं राहून ठिकाणासकट फोटो काढावा लागतो. त्याला लोकेशन अचूक हवं, पण ॲप उघडं असेपर्यंतच हवं. ‘व्हाइल इन यूज’ पुरतं. ठिकाण जुळत नसेल तर आंब्याखालून बाहेर या, उघड्या आभाळाखाली मिनिटभर थांबा आणि मग फोटो काढा. परवानगी वाढवून तिथे काही होत नाही.

त्याच पानावर ‘यूज प्रिसाइज लोकेशन’ असं आणखी एक बटण असतं. ते बंद केलं की ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो, नेमकं दार मिळत नाही. भोरात पाऊस आहे का हे सांगायला तेवढं रग्गड झालं. नेमकेपणासाठी उपग्रहांपर्यंत जायची गरज त्यामुळे उरत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला मात्र हे बटण चालूच ठेवा, नाहीतर ड्रायव्हर स्वारगेटला भलत्याच फाटकाशी उभा राहील आणि दोघांची हुज्जत होईल.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस. ॲपच्या नावापुढे जांभळा बाण असेल तर त्याने नुकतंच ठिकाण घेतलं, करडा असेल तर गेल्या २४ तासांत कधीतरी. पोकळ बाण म्हणजे ठरावीक परिस्थितीत, उदाहरणार्थ तुम्ही एखाद्या जागी पोचलात की, ते घेऊ शकतं. ‘ऑलवेज’ची ‘व्हाइल यूजिंग’ करा, यादीच्या तळाशी असलेल्या ‘सिस्टम सर्व्हिसेस’मधल्या आपत्कालीन कॉल आणि ‘फाइंड माय’ला हात लावू नका. बस.

पत्र्याखालचं जीपीएस

खतवाल्या मुलाचा एक प्रश्न राहिला होता. त्याच कंपनीत, तेच ॲप, तसलाच फोन असलेल्या त्याच्या मित्राची बॅटरी संध्याकाळपर्यंत आरामात पुरायची. जुनं ॲप हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण पत्रा.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा संदेश इतका क्षीण असतो की सिमेंटचा स्लॅब त्याला बराचसा खातो आणि लोखंडी पत्रा तर जवळजवळ अडवतोच. हा मुलगा दिवसातला निम्मा वेळ कृषी सेवा केंद्रांच्या मागच्या गोदामांत पोती मोजत असायचा. ॲप म्हणायचं, नेमकं ठिकाण दे. रिसीव्हर शोधायचा, सापडायचं नाही, आणखी शोधायचा. उघड्यावर चार-दोन सेकंदांत मिटणारं काम पत्र्याखाली लांबत जातं, आणि रिसीव्हर जितका वेळ जागा तितकं बिल. मित्र शेतकऱ्यांच्या बांधावर फिरायचा. त्याला आभाळ होतं.

यावर उपाय साधा आहे. गोदामात शिरताना फोन दुकानाच्या दर्शनी भागात, काउंटरवर ठेवा. तिथे वाय-फाय असेल तर नेटला जोडलं नाही तरी वाय-फाय चालू ठेवा. आजूबाजूच्या राउटरवरून फोन जागेचा अंदाज बांधतो आणि ते काम उपग्रहांपेक्षा स्वस्त पडतं. याच कारणासाठी ‘गूगल लोकेशन ॲक्युरसी’ बंद करा असा जो सल्ला फिरत असतो, तो मी देत नाही. ते बंद केलं की फोनला उपग्रहांवाचून आधार उरत नाही, आणि घरात बसलेल्या माणसाच्या फोनला उपग्रह शोधायला लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ तिथेच जवळ असतात. वाय-फाय बंद असतानाही ती आसपास चाचपत राहतात. ती हवी तर बंद करा, पण मोठ्या फरकाची आशा ठेवू नका.

हजेरीचं ॲप दर किती मिनिटांनी ठिकाण घेतं हे पुष्कळदा कंपनीच्या ऑफिसातून ठरवता येतं. दर मिनिटाऐवजी दर १५ मिनिटांनी चालेल का, एवढं साहेबांना विचारायला हरकत नाही. आणि सुटी झाली की त्यात ‘पंच आउट’ करायला विसरू नका. निम्मे लोक विसरतात आणि रात्रभर कंपनीला आपलं अंथरूण दाखवत बसतात.

वऱ्हाडाची गाडी

आपणच लावून विसरलेली लोकेशनं हा वेगळाच प्रकार. आमच्या मावसभावाच्या लग्नात वऱ्हाडाची बस कुठे आली हे कळावं म्हणून चौघांनी ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं. चौघंही एकाच बसमध्ये! व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत, त्यामुळे अक्षता पडून पंगती उठल्या तरी चौघांचे फोन ‘आम्ही कार्यालयातच आहोत’ असं सगळ्या गोतावळ्याला कळवत होते. ते निदान ८ तासांनी आपोआप थांबतं. गूगल मॅपवरच्या शेअरिंगला ‘मी बंद करेपर्यंत’ असाही पर्याय आहे आणि तो वर्षानुवर्षं चालू राहू शकतो. मॅपमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून ‘लोकेशन शेअरिंग’ उघडा. कधीकाळी कोणाला दिलेलं ठिकाण अजून चालू आहे का ते दिसेल. बॅटरीपेक्षा मोठे गौप्यस्फोट तिथे झालेले मी पाहिलेत, ते इथे नकोत.

मॅप लावून गाडी चालवताना

इथे दोष लोकेशनचा कमी, स्क्रीनचा जास्त. भर उन्हात पूर्ण उजेडावर स्क्रीन तास-दोन तास पेटती ठेवली तर बॅटरी जाणारच. हायवेला लागल्यावर ४० किलोमीटर सरळ जायचं असेल तर स्क्रीन बंद करा. बाई बोलत राहते, वळण आलं की सांगते. फोन डॅशबोर्डवर काचेच्या उन्हात ठेवला की तो तापतो, आणि तापला की चार्जर लावलेला असूनही चार्जिंग मंदावतं. एसीच्या जाळीवर अडकवायचा स्टँड घ्या.

घाटात आणखी एक गंमत आहे. वरंधा घाटात रेंज नाही, आणि रेंज नाही म्हणजे नेटची मदत नाही. एरवी कोणता उपग्रह कुठे आहे याचं टिपण फोन नेटवरून क्षणात उतरवतो. नेट नसेल आणि आधीचं टिपण शिळं झालं असेल, तर ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं, आणि उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या सावकाश बोलतो. कामापुरतं ऐकायला अर्धा मिनिट सलग लागतं. मध्ये कडा आडवा आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मॅप भोरातच लावून घ्या, घाट सुरू झाल्यावर नको, आणि त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आधी उतरवून ठेवा.

गडावर जाणाऱ्यांनी हे ऐकाच: जीपीएसचा रिसीव्हर फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. त्यामुळे एअरप्लेन मोडमध्येही आजकालच्या फोनांवर ठिकाण मिळतं. नकाशा उतरवलेला असेल तर राजगडावर दिवसभर एअरप्लेन मोडमध्ये वाट नोंदवत फिरता येतं, आणि टॉवरसाठीची तडफड थांबल्याने बॅटरी चक्क उरते. घरी खुशाली कळवायला अधूनमधून मोड काढायचा. मात्र बॅटरी सेव्हर लावू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तो स्क्रीन बंद झाली की लोकेशनही थांबवतो. मी स्वतः हा मूर्खपणा केलाय. घरी येऊन नकाशा पाहिला तर पद्मावती माचीवरून मी एका सरळ रेघेत, दरीवरून उडत संजीवनीच्या टोकाला पोचलो होतो.

धावणाऱ्या मंडळींनी व्हिडिओ बघून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये ‘फोर्स फुल जीएनएसएस मेझरमेंट्स’ चालू केलं असेल तर ते बंद करा. रिसीव्हर एरवी मध्ये मध्ये डुलकी काढतो; या बटणाने त्याची डुलकी बंद होते. रोजच्या फोनला त्याचा उपयोग शून्य.

हे करू नका

बॅटरी वाचवणारी, फोन साफ करणारी ॲप उतरवू नका. एका घुशीला हाकलायला दुसरी पाळण्यातला प्रकार. खालून वर बोट ओढून सगळी ॲप झटकत बसल्यानेही परवानगी असलेलं ॲप थांबेलच असं नाही, ते पुन्हा उठतं आणि उठताना जास्त खातं. आणि लोकेशन कायमचं बंद करून टाकणं हाही उपाय नव्हे. फोन हरवला तर शोधता येत नाही, पैसे पाठवायची काही ॲप अडून बसतात, आणि दोन दिवसांनी कोणीतरी घाईत ते चालू करतंच. परवानग्या तशाच असतात, रामायण पुन्हा सुरू.

परवानग्या उतरवल्या की फोन एकदा रीस्टार्ट करा आणि दोन दिवसांनी तीच रात्रीची मोजणी पुन्हा करा. आकडा हललाच नाही, फोन तीन-चार वर्षांचा आहे, ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, तर बॅटरी खरंच संपली आहे. तेव्हा दुकानात या. आणि मागचं झाकण उचललं गेलेलं दिसत असेल किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका, बंद करून त्याच दिवशी घेऊन या.